सेलूला गेलेला पितळी गुंड

वैशाख, १९५५. लग्नाचा आदला दिवस, टळटळीत दुपार. ठिकाण: नाचणगाव, आमच्या शेजारच्या घराचे अंगण.

हजर: माझी थोरली जाऊ, जिला घरीदारी सगळे बाई म्हणत. मी, त्याच घरची धाकटी सून, नाचणगावात येऊन जेमतेम वर्ष झालेली. शेजारीण, म्हणजे उद्याच्या नवरीची आई. नवरी, अंगाला हळद लागलेली, म्हणून कोणत्याच कामाला हात न लावणारी. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, ओट्यावर पान जुळवत बसलेले. आणि बाईंचा पितळी गुंड.

गुंडाला हजेरीत घातले म्हणून कोणी हसू नये. गुंड म्हणजे आमच्याकडची पाणी भरायची मोठी घागर. पोट फुगीर, गळा आखूड, काठ बाहेर वळलेला. पण बाईंच्या गुंडात पाणी भरलेले मी कधी पाहिले नव्हते. मधल्या घरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, दारातून येणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडेल अशा जागी तो बसलेला असे. घरात कोणी आले की बाई आधी मला "पान्याचं पाहा वं" म्हणत आणि मग आलेल्याची नजर कुठे गेली ते पाहत.

मी यादी करणारी बाई आहे. बाजाराची यादी, दुरुस्तीची यादी, कोणाकडे जायचे राहिले त्याची यादी. झालेल्या कामावर रेघ मारते, न झालेले पुढच्या पानावर उतरवते. ही आठवण लिहायला बसले त्याचे कारणही साधेच आहे. माझ्या मुलीच्या मराठीच्या पुस्तकात एक नावाजलेली गोष्ट आहे आणि तिच्याखाली प्रश्न आहे: कथेतील हव्यासी पात्रात होत गेलेला बदल तुमच्या शब्दांत लिहा. मुलीने लिहिले, आधी ती वस्तूंच्या मागे होती, मग तिच्यावर संकट आले, मग तिला जीवनाचा खरा अर्थ कळला.

"बरोबर आहे ना, आई?"

"मार्क मिळतील," मी म्हटले.

"म्हणजे चूक आहे?"

मी पोळ्या लाटत होते. समोर पिठाची कोपर होती, पसरट, पितळी, काठावर एक नाव कोरलेली. ते नाव माझे नाही. मुलीला सांगायला गेले तर बरेच सांगावे लागले असते, म्हणून म्हटले, लिहून ठेवते, वाचशील.

बाईंना वस्तू हव्या असत. चोरून नव्हे, उघड. पुलगावच्या बाजारात भांड्यांच्या दुकानासमोरून त्यांना नेणे म्हणजे बैलाला हिरव्या चाऱ्याजवळून नेणे, मान वळणारच. घरात रोजचा स्वयंपाक जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, गंजात (पातेल्याला आम्ही गंज म्हणतो) व्हायचा, पाणी मातीच्या माठात आणि पितळ सगळे फळीवर. परात, गंज, पाणी प्यायचे गडवे, डबे, एक हंडा आणि त्या सगळ्यांचा राजा तो गुंड. प्रत्येकावर बाईंचे नाव: आधी सौ., मग नाव, मग नाचणगाव. दुकानातला म्हातारा छिन्नीने ठिपक्याठिपक्याने नाव टाकून देई आणि तेवढा वेळ बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसून राहत. त्यांना वाचता येत नव्हते. तरी एकदा वेलांटी राहिली ती त्यांनीच दाखवली. "हे टोपडं राह्यलं माह्या नावाचं," म्हणाल्या.

नाव टाकले की वस्तू आपली राहते, असा त्यांचा हिशेब. भासरे म्हणत, "आता एक नाव माह्या पाठीवरही टाकून घे. हरपलो तं सापडन."

"तुमाले कोन चोरते?" बाई म्हणायच्या.

लग्नकार्याला सगळ्या गल्लीची भांडी एकमेकांकडे जात. आमच्या घरून काही जात नसे. मागायलाही कोणी येत नसे. शेजारीण मला एकदा हसत म्हणाली होती, "तुमच्या फळीवरच्या भांड्यांले आमी लांबूनच पाया पडतो."

भांडी घासायचा दिवस मात्र मला आवडायचा. मी वर्ध्याच्या शाळेत शिकलेली, म्हणून बाई मला "वर्धेवाली" म्हणत आणि मला काहीच येत नाही असे धरून चालत. परसातल्या कडुलिंबाखाली आम्ही दोघी बसायचो. चिंचेचा कोळ, राख, नारळाच्या शेंड्या. बाई भांड्याला हात लावताच बोलायला लागत. हा गडवा कुठून आणला, त्या दिवशी दुकानदार कसा तावातावाने बोलला, या परातीला तळाशी डाग कसा आहे आणि तो कोणाला कसा दिसत नाही. गुंड शेवटी. त्याला माझा हात लागू देत नसत. घासून झाला की उन्हात ठेवायच्या, थोड्या मागे सरकून बघायच्या आणि मग मला विचारायच्या, "आता बोल, चमकून राह्यला का नाई?"

"दिसतंय मला माझं तोंड."

"तुहं तोंड कायले पाह्यतं? गुंड पाह्य."

अशा दुपारी मला नंतर कुठेच मिळाल्या नाहीत.

तर वैशाखातली ती दुपार. शेजारणीचा नवरा पुलगावच्या गिरणीत कामाला. मुलीचे सासर सेलूचे. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड येणार, म्हणून रुखवत मांडायला घेतले होते: शेव-करंज्या, साखरेचे चुडे, भरतकाम आणि मुख्य म्हणजे भांडी. घरची कमी, गल्लीतून उसनी आणलेली जास्त. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. सगळेच तसे करत. रुखवत दिसायला भरलेले हवे आणि निघताना उसनी भांडी गुपचूप बाजूला काढायची. त्यासाठी शेजारणीची पद्धत होती: उसन्या भांड्याला बुडाशी चुन्याचे बोट लावायचे. पाठवणीच्या गडबडीत सामान भरणारी पोरे भांडे उलटून बघत; चुना दिसला की ते घरी राहणार. कोणते भांडे कोणाचे याची यादी मी केली होती, पण गडबडीत यादी कोण वाचतो? चुन्याच्या बोटाला वाचावे लागत नाही.

बाई रुखवत बघायला आल्या, दारातच थांबल्या आणि कपाळाला हात लावला.

"अवं माय, मधात हे काय मैदान ठेवलं? वऱ्हाडाची नजर तं तिथंच पडन."

शेजारीण म्हणाली, "आता होतं ते मांडलं, बाई."

बाई थोडा वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "जा, फळीवरून गुंड काढून आन. पडू नको देजो."

ओट्यावर भासऱ्यांच्या हातातले पान थांबले. शेजारणीचे तोंड उघडेच राहिले. पुढे लोक म्हणाले की बाईंना त्या पोरीची दया आली. मी तिथे होते. दया नव्हती. सेलूहून येणारे सगळे वऱ्हाड तो गुंड बघणार होते आणि बाईंना ती संधी सोडवली नाही.

गुंड मध्ये मांडला, नाव भिंतीकडे वळवून. शेजारणीने चुन्याचे बोट लावले. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड येऊन टेकायच्या आत बाई पुन्हा येऊन गुंड निरखून गेल्या. चुना पितळेला खातो, डाग पाडतो. त्यांनी पदराचे टोक ओले केले, गुंड कलता केला आणि बुड पुसून काढले. मला म्हणाल्या, "जाताना मीच उचलून घेतो. माहं ध्यान आहे." मी मान डोलावली.

वऱ्हाड लॉरीने आले होते. लग्न लागले, जेवणे झाली, बायका रुखवताभोवती फिरल्या. एकीने बोट लावून गुंड वाजवून पाहिला. बाईंनी ते मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिले आणि दिवसभर त्या खुशीत होत्या. पाठवणीच्या वेळी पोरगी आईच्या गळ्यात पडली आणि मग तिने बाईंच्या गळ्यात हात टाकले. बाईंना याची सवय नव्हती. त्या तिथेच अडकल्या, पोरगी सोडेना. तेवढ्यात सामान भरले गेले. चुना लागलेली भांडी बाजूला निघाली. बिनचुन्याचा गुंड लॉरीत चढला.

लॉरी वळणापलीकडे गेल्यावर बाईंनी मांडवात येऊन पाहिले. मग मला विचारले, "गुंड कुठं आहे?"

शेजारीण रडायची थांबली. तिने बुडांना चुना लावताना स्वतःच्या हाताने गुंडाला लावला होता, ते तिला पक्के आठवत होते, म्हणून तिला काहीच उमजेना. बाईंनी तिला सांगितले, "म्या पुसला." एवढेच. त्या घरी गेल्या आणि जेवल्या नाहीत.

मांडवपरतणीला पोरगी आली तेव्हा आईने तिला हळूच विचारले. पोरगी रडकुंडीला आली. सासूने गुंड स्वतःच्या हाताने पाण्याच्या कट्ट्यावर मांडला होता, आल्यागेल्याला दाखवत होती. आता तो उसना होता म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे? शेजारीण आमच्याकडे आली आणि दाराशीच बसली. म्हणाली, "बाई, मी दुसरा घेऊन देतो. वर्स लागन, दोन लागन. पन पोरीले तिथं..."

"दुसरा कायले?" बाई म्हणाल्या. "तुह्या मागं कोन लागलं? मी पाह्यतो माहं मी."

पाहतो म्हणजे काय, ते मला दोन दिवसांनी कळले. बाईंनी फळीवरून एक पितळी गंज काढला, चांगला जड, फडक्यात बांधला आणि मला म्हणाल्या, "चाल वर्धेवाली, सेलूले. तुले टेशनावरच्या पाट्या वाचता येते."

बेत असा होता: पोरीला एकटे गाठायचे, गंज द्यायचा, गुंड घ्यायचा. सासूला सांगायचे, गुंड पोरीला वजनी पडतो, म्हणून बदलून नेतो. पुलगावहून सकाळची पॅसेंजर. खिडकीशी बाई, मांडीवर गंज.

मी म्हटले, "बाई, सासूला पटेल का?"

"नाई पटलं तं नाव आहे न त्याच्यावर. कोनीही वाचो."

"मग पोरीचं काय होईल?"

त्यांनी फडक्याची गाठ आवळली. वर्ध्याला गाडी बराच वेळ उभी राहिली. फलाटावर एक जण केळी विकत होता. त्याच्याकडे बघत बाई बोलायला लागल्या, जसे भांडी घासताना बोलत तसे.

"माह्या लग्नात रुखवतात दोन हंडे होते. उसने. माहा मामा तिसऱ्या दिवशी नाचनगावले आला न् उचलून घेऊन गेला. तो काय करन, त्याले ज्याचे त्याले वापस कराचे होते. सासू दारात उभी राहून पाह्यत होती."

"काय म्हणाल्या?"

"काई नाई. मामाले जेवाले वाढलं."

"आणि तुम्हाला?"

"मले काऊन म्हनन? मले तं नाव ठेवून देल्लं नं त्यायनं. उसन्या रुखवताची." गाडी हलली. बाईंनी गंज मांडीवर नीट केला. "म्हनून काय झालं? गुंड माहा आहे."

सेलू रोड स्टेशनला उतरलो, बैलांची दमणी मिळाली. घर शोधायला त्रास झाला नाही. दारात सासू तूर पाखडत होती. धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई.

"कोन वं तुमी?"

"नाचनगावच्या," बाई म्हणाल्या.

सासूने सूप खाली ठेवले. "नाचनगाव? अगं माय! म्हंजे गुंडवाल्या मावशी नाई का?"

बाई काही बोलायच्या आत सासू उठलीच. "मी पाह्यलं नं नाव! आमचा धाकला शिकते शाळेत, त्याच्याकून वाचून घेतलं. सुनेले इचारलं, हे कोनाचं नाव? म्हने मावशीचं. म्हटलं तुले तं मावशी नाई. म्हने रक्ताची नाई, पन तिनंच देल्ला." तिने शेजारघराकडे तोंड करून हाक दिली, "अवं याव वं, सुनेची मावशी आली!"

आतल्या दारात पोरगी उभी होती. पदराचे टोक दातात धरलेले. ती बाईंकडे बघत नव्हती. बाईंच्या हातातल्या फडक्याकडे बघत होती.

मी बाईंकडे पाहिले. त्या गुंड शोधतील असे मला वाटले होते. त्या त्या पोरीकडे पाहत होत्या.

"मीच का वं मावशी?" बाईंनी हळूच स्वतःलाच विचारले आणि मग मोठ्याने म्हणाल्या, "हाव. मीच."

आम्हाला आत बसवले. पाणी आले. कुठले पाणी, ते मी पाहिले. कोपऱ्यातल्या कट्ट्यावर गुंड होता, गळ्यापर्यंत भरलेला, पोटावर ओले फडके गुंडाळलेले, काठावरून थेंब ओघळत होते. वर्षभरात मी त्याला कधी भरलेला पाहिला नव्हता. बाई गडव्यातले पाणी एका दमात प्यायल्या. आणखी मागितले. ते सावकाश प्यायल्या.

मग उठून गुंडापाशी गेल्या. फडके सोडले, काठावरून बोट फिरवले, पोटाला हात लावला. "हे कायनं घासलं?"

"राखेनं," पोरगी कशीबशी म्हणाली.

"नुसत्या राखेनं? अशानं काळा पडते तो. आधी चिंच लावाची, मंग राख, मंग धुवाचा, मंग ऊन दाखवाचं. आन् हे ओलं फडकं रातभर नाई ठेवाचं." सासूकडे वळून, "तुमी सांगत जा हिले. आमच्या पोरीले आळस आहे थोडासा."

सासू हसली. "आता मावशीच म्हनते तं सांगतोच."

निघताना सासूने बाईंची खणा-नारळाने ओटी भरली. दाराशी बाई थांबल्या, फडके सोडले आणि गंज पोरीच्या हातात दिला. "हा राह्यला होता द्याचा," म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्या पुन्हा खिडकीशी बसल्या. हात मांडीवर रिकामे पडले होते आणि त्यांना ते कुठे ठेवावे समजत नव्हते. रागावलेल्या होत्या, स्वतःवर की माझ्यावर कोण जाणे. वर्ध्यानंतर म्हणाल्या, "पानी चांगलं लागत होतं, नाई?"

"हो."

"एवढे वर्स म्या त्याच्यात पानीच नाई घातलं."

घरी भासऱ्यांनी दारातच ओळखले. "एक आनाले गेली, दुसरा देऊन आली. पुढच्या खेपेले मले नेजो, मीही तिकडंच राहीन."

माझ्या मुलीच्या उत्तरात इथे बाईंना जीवनाचा अर्थ कळायला हवा. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यावर विनाकारण डाफरल्या, फळीवरची भांडी दोनदा मांडली आणि गुंडाची जागा मोकळी ठेवली. मी तिथे हंडा ठेवू का विचारले तर म्हणाल्या, "राहू दे. त्याची जागा आहे."

पण पुढच्या मोसमात गल्लीत लग्न निघाले, तेव्हा कोणी न मागता त्या रुखवताच्या घरी एक परात घेऊन गेल्या. उसनी नव्हे, द्यायलाच. देताना तोंड असे केले होते की जणू कोणी दात उपटतो आहे. नवरीला म्हणाल्या, "नाव खोडू नको. कोनी इचारलं तं सांगजो मावशीनं देल्ली." मग पुढच्या लग्नाला एक डबा गेला, त्याच्या पुढच्याला गडवा. तेव्हा गाव बदलत होते. छप्पन्न सालानंतर पलीकडच्या वस्तीतल्या घरांनी बुद्धाची दीक्षा घेतली होती. तिथल्या एका मुलीचे लग्न नव्या रीतीने, पांढऱ्या कपड्यात लागले, त्यात रुखवत वगैरे नव्हते. बाईंनी चौकशी केली, "रुखवत नाई तं नाई, पानी तं पेत असन नं ते?" आणि एक गडवा घेऊन स्वतः गेल्या. घरच्या काही मंडळींना हे रुचले नाही. बाईंनी त्यांना दिलेले उत्तर मी इथे लिहीत नाही.

भासरे म्हणायचे, "नाव टाकलं म्हंजे वस्तू घरात राह्यते म्हनत होती. आता अर्ध्या जिल्ह्यात हिचं नाव पानी भरून राह्यलं."

पोळ्याला, दिवाळीला पोरी माहेरी आल्या की आधी बाईंकडे येत. बाई कोणालाच विचारत नसत की नवरा कसा आहे, सासू कशी आहे. त्या विचारत, परात कशी आहे? डब्याचे झाकण बसते का? आणि पोरी सांगत. परातीत आता भाकरी थापत नाहीत, कारण चूल वेगळी झाली. डबा सासूच्या कपाटात गेला, कारण चाव्या तिच्याकडे. भांड्याच्या गोष्टीत घर आपोआप येई. एकदा एक पोरगी म्हणाली, गडवा चेमटला, पडला हातून.

"काठ चेमटला का पोट?"

"पोट."

"पडला तं काठ चेमटते. पोट चेमटाले फेकाव लागते." बाईंनी हातातले काम ठेवले. "कोनं फेकला?"

पोरगी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी बाई आणि भासरे बंडी जुंपून तिच्या सासरी गेले. मी नव्हते. भासऱ्यांकडून एवढेच कळले की बाईंना आत घेतले नाही, तेव्हा त्या ओट्यावर बसून राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो गडवा दाखवत राहिल्या, दिवस कलेपर्यंत. मग आत घेतले. पुढच्या दिवाळीला पोरगी गडवा घेऊनच आली, ठोकून सरळ केलेला. बाईंनी पोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "काम चांगलं केलं ठोकनाऱ्यानं," आणि मग पोरीचा चेहरा नीट न्याहाळला, जसा पूर्वी गुंड न्याहाळत.

हव्यास गेला नाही, हे मला मुलीला सांगायचे आहे. त्यांना आधीही वस्तूचा एक एक ओरखडा कळत होता, नंतरही कळत होता. फक्त आता वस्तू लांब लांब होत्या, आणि त्या जिथे होत्या तिथपर्यंत बाईंचा जीव ताणलेला असे. सगळ्यात जास्त सेलूपर्यंत. सेलूहून कोणी आले की पहिला प्रश्न गुंडाचा. एखादे वेळी भर दुपारी भांडी घासताना त्या हात थांबवून म्हणत, "आता पानी भरत असन ती." मी म्हणायचे, "भरत असेल." ती चिंचेची, ओल्या राखेची, कडुलिंबाच्या सावलीची दुपार आणि आम्ही दोघी, हातात दुसरे काही असताना तिसऱ्याच वस्तूची आठवण काढत बसलेल्या.

दशक सरता सरता यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बदली वर्ध्याला झाली. सामान बांधताना बाईंनी फळीवरून ही कोपर काढली आणि माझ्या ट्रंकेवर ठेवली.

मी म्हटले, "बाई, मी काय नवरी आहे का? मी जाऊ तुमची."

"जावेले पीठ नाई मळाव लागत?" त्या म्हणाल्या. "आन् पत्र धाडजो. कोपर कशी आहे ते."

मी पत्रे लिहिली. भासरे त्यांना वाचून दाखवत. कोपर बरी आहे. मुलगी झाली. कोपर बरी आहे.

नंतर स्टील आले. घराघरातले पितळ मोडीत गेले, त्या बदल्यात चकचकीत हलकी पातेली आली. शेजारणीचे कुटुंब गिरणीचे काम सुटल्यावर दुसरीकडे गेले, तेव्हापासून सेलूची पोरगीही नाचणगावला येईनाशी झाली. बाईंना शेवटी भेटले तेव्हा वरच्या फळीवर काहीच नव्हते. त्या खाटेवर होत्या, डोळे अधू झालेले. माझा हात धरून त्यांनी बोटे चाचपली, चिंचेने हात खरखरीत आहेत का ते पाहिले आणि म्हणाल्या, "तू वर्ध्यात राह्यते. सेलू तं तुले जवळ आहे. एकदा जाऊन पाहून येजो. मोडीत नसन नं देल्ला त्यायनं?"

"नाही दिला असणार."

"येजो पाहून. मंग मले सांगजो."

आता सांगायला त्या नाहीत. सेलू खरेच जवळ आहे, बस आहे, सकाळी जाऊन दुपारी परत येता येते. एकदा मी स्टँडवर जाऊन बसले, बस आली, माणसे चढली, मी पिशवीतली भाजी नीट करत राहिले आणि बस गेली. कट्ट्यावर स्टीलची टाकी दिसली तर काय करायचे, हे मला ठरवता आले नव्हते. अजून आलेले नाही.

या आठवड्याच्या यादीतली कामे: गिरणीतून दळण आणणे, झाले. खिडकीची कडी, झाली. मुलीच्या वह्यांना कव्हरे, झाली. खाली नेहमीप्रमाणे एक ओळ मागच्या पानावरून उतरवली आहे: सेलू. गुंड पाहून येणे. चिंच सोबत न्यावी. तिच्यावर रेघ नाही.